हिरकणीचं बाळ, खरवसाची वडी आणि आईच्या गोळ्या

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

नेहमीप्रमाणे आज एक दावा घ्यायचा आणि तो शेवटपर्यंत तपासायचा. आजचा दावा असा: दुधातली प्रोटीन्स शरीरातली सूज कमी करतात. या वेळी तो कुणा श्रोत्याने पाठवलेला नाही, आमच्या घरच्या फडताळात सापडलाय. त्यामुळे आधी घरचं सांगतो आणि मग विज्ञानाकडे वळतो.

डब्यावरची चार वाक्यं

गणपतीला पोलादपूरला घरी गेलो होतो. विसर्जन झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई तांदळाची भाकरी थापायला बसली. पहिलीच भाकरी अर्ध्यावर सोडून उठली. बघतो तर दोन्ही हातांची बोटं सुजलेली, मूठ मिटत नव्हती.

आईला तीन वर्षांपासून रूमेटॉइड आर्थरायटिस आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड, एवढ्यावर ती छान होती. गेल्या वर्षी लावणीला शेतात उतरली होती.

"गोळ्या घेतेस ना?" मी विचारलं.

"त्या बंद केल्या. आता हे घेते." तिने फडताळातून एक डबा काढला. महाडला एका हॉलमध्ये हाडांची मोफत तपासणी होती, तिथे घेतलेला. गाईच्या चिकाची पावडर आणि व्हे प्रोटीन. किंमत तीन हजार दोनशे रुपये, महिन्याभराची. दोन महिने झाले होते.

डब्यावर चार वाक्यं होती. एक, दुधात लॅक्टोफेरिन नावाचं दाह कमी करणारं प्रथिन असतं. दोन, गाईच्या चिकात ते साध्या दुधापेक्षा खूप जास्त असतं. तीन, लॅक्टोफेरिनवर जगभर चाचण्या झाल्या आहेत. चार, म्हणून सांधेदुखीवर हा नैसर्गिक उपाय.

मी चिडलो, आवाज चढला. आई शांतपणे म्हणाली, "दुधाचंच आहे रे. दुधाने कुणाचं वाईट झालंय?"

आता मी लोणेऱ्याला बीटेक केलेला माणूस. बायोलॉजी दहावीला सुटली ती सुटलीच. पण पुढचे तीन आठवडे रात्री बसून या विषयावरचं जे मिळेल ते वाचलं. हेतू एकच, डबा खोटा ठरवायचा. आणि माझी पंचाईत झाली. पहिली तीन वाक्यं खरी निघाली.

सूज म्हणजे नेमकं काय

आधी शब्द नीट करून घेऊ. इन्फ्लमेशनला मराठीत दाह म्हणतात. बोलताना आपण सरसकट सूज म्हणतो, पण सूज हा दाहाचा एक भाग झाला. लाली, ऊब, सूज आणि ठणका ही त्याची चार जुनी लक्षणं. काटा रुतला की तासाभरात बोटावर चारही दिसतात.

दाह ही बिघाडाची खूण नाही, ती शरीराची दुरुस्तीची यंत्रणा आहे. काट्यासोबत जंतू आत शिरले की तिथल्या पेशी रासायनिक निरोप सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू मारतात, घाण साफ करतात. मग दुसरे निरोप सुटतात, "झालं काम, परत फिरा." दाह वेळेवर सुरू होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो वेळेवर थांबणंही.

आमवातात थांबण्याचा निरोप लागू पडत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, आणि करत राहते. आमच्या कामात एखादा अलार्म स्वतःच्याच आवाजाने पुन्हा पुन्हा सुरू होतो, तसं काहीसं. यात दुखणं हा अर्धाच भाग. आतला दाह चालू राहिला तर कूर्चा आणि हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड नंतर कुठल्याही गोळीने परत येत नाही. म्हणून दोन महिने औषध सुटणं ही छोटी गोष्ट नव्हती.

दाह मोजायची एक सोपी रक्ततपासणी आहे, सीआरपी. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि शरीरात दाह पेटला की त्याचं प्रमाण वाढतं. साधारण लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावं. आईचं गणपतीनंतर केलं ते ३४ आलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुधातलं लाल प्रथिन

दुधातल्या प्रोटीनचे दोन मोठे गट आहेत. गाईच्या दुधात साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. कच्चं दूध फाटलं की घट्ट गोळा होतो तो मुख्यतः केसीनचा, आणि वरच्या पाण्यात राहतात ती व्हे गटातली प्रोटीन्स. जिमवाल्यांच्या डब्यात असतं ते हेच व्हे, पाणी काढून वाळवलेलं. चीज बनवणाऱ्या कारखान्यांना एकेकाळी या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न पडायचा.

लॅक्टोफेरिन हे या व्हे गटातलं एक छोटं मानकरी. १९३९ मध्ये गाईच्या दुधातलं 'लाल प्रथिन' म्हणून त्याची पहिली नोंद झाली. १९६० मध्ये ते मानवी दुधातून शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. लाल का, तर ते लोह धरतं. एका रेणूत लोहाचे दोन अणू बसतात.

त्याच्या कामाच्या तीन गोष्टी सांगतो. पहिली, जंतूंना वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिन ते आधीच उचलून ठेवतं, जंतू उपाशी राहतात. मोकळं लोह ऊतींना इजा करणारी रसायनं तयार व्हायलाही मदत करतं, तेही कमी होतं. दुसरी, काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणावर एक विषारी घटक असतो. तो आपल्या पेशींना दिसला की दाहाचा मोठा भोंगा वाजतो. लॅक्टोफेरिन त्या घटकालाच चिकटतं आणि भोंगा वाजायच्या आत त्याला झाकून टाकतं. तिसरी, पोटातल्या पेप्सिनने त्याचा तुकडा पडला तरी तो तुकडा जंतूंवर काम करतो. जपानी संशोधकांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. त्या तुकड्याला लॅक्टोफेरिसिन म्हणतात.

गंमत म्हणजे लॅक्टोफेरिन फक्त दुधात नसतं. आपल्या अश्रूंत असतं, लाळेत असतं, आणि ज्या पांढऱ्या पेशी दाहाच्या जागी धावून जातात त्यांच्या पोतडीतही असतं. आतड्याला दाह आहे का हे बघायला प्रयोगशाळेत शौचाच्या नमुन्यात लॅक्टोफेरिन मोजतात. तिथे ते जास्त सापडलं तर अर्थ असा की आत भांडण चालू आहे. म्हणजे आईच्या शरीरात हे प्रथिन कमी पडलंय, अशी काही भानगड नव्हतीच.

तर डब्यावरचं पहिलं वाक्य खरं. आता दुसऱ्याकडे जाऊ, आणि त्यासाठी रायगडाच्या पायथ्याशी जावं लागेल.

हिरकणीचं बाळ

रायगड आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात. हिरकणीची गोष्ट तुम्हाला सांगायला नकोच. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद झालेले, आणि खाली घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. रायगडाचा रोपवे जिथून निघतो त्या वाडीचं नाव आजही हिरकणीवाडी आहे. एसटी स्टँडवर आयांना बाळाला पाजायला जो आडोसा असतो, त्याला हिरकणी कक्ष म्हणतात तो तिच्यावरूनच.

लहानपणी मला एक प्रश्न पडायचा. दूधवाल्या घरी दुधाला काय तोटा? बाळाला कुणीतरी वाटीभर गाईचं दूध पाजलं असतं की. हा प्रश्न या तीन आठवड्यांत सुटला.

आईच्या पहिल्या चिकात लिटरमागे पाच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोफेरिन असतं, कधी त्याहून जास्त. पुढे ते कमी होत जातं, तरी एक-दोन ग्रॅमच्या घरात राहतं. गाईच्या नेहमीच्या दुधात ते साधारण एक दशांश ग्रॅम. म्हणजे बाईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दहा-वीस पट. गाईच्या चिकात ते दुधापेक्षा बरंच जास्त असतं, तिथे डबा बरोबर आहे. पण बाईच्या चिकाशी त्याची बरोबरी नाही.

आणि ते एकटं नसतं. आईच्या दुधात आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडं असतात, दाह थांबवायचा निरोप देणारे घटक असतात. १९८६ मध्ये आर्मंड गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मानवी दूध हे एकूणातच दाहशामक आहे. ते जंतूंशी लढतं, पण आरडाओरडा न करता. नवजात बाळाचं आतडं कोरं असतं. जन्मल्याबरोबर कोट्यवधी जंतू तिथे राहायला येतात. प्रत्येकाला बघून भोंगा वाजला तर आतडंच जळून जाईल.

हे नुसतं तत्त्व नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. आतड्याचा भाग दाहाने अक्षरशः मरतो. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये अशा ९२६ बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. फक्त डब्याच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार फक्त मानवी दुधावर असलेल्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त आढळला. आजच्या विषयात यापेक्षा ठणठणीत पुरावा मला दुसरा मिळाला नाही. आणि तो कुठल्याही पावडरीचा नाही.

हे आईला सांगत होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, "तुझ्या वेळी तुझ्या आजीने पहिला चीक पिळून टाकायला लावला होता. जड असतो म्हणायची. तुला मध चाटवला." आमच्याकडे ही रीत घराघरांत होती. आता आशाताई, नर्सबाई पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावायला सांगतात. म्हणजे बघा, आपण बाईचा चीक पिळून टाकला आणि गाईचा चीक डब्यातून विकत आणला.

खरवस घट्ट का होतो

आता गाईच्या चिकाकडे. गाय व्यायली की दोन-तीन दिवसांचा चीक, त्यात गूळ किंवा साखर, वेलची, आणि वाफवायचं. बास. ना दही, ना कॉर्नफ्लोअर. तरी वडी पडते. साधं दूध कितीही वाफवा, वडी पडत नाही. का?

कारण चिकात व्हे गटातली प्रोटीन्स, त्यातही प्रतिपिंडं, प्रचंड असतात. प्रोटीन म्हणजे एक लांब दोरी विशिष्ट पद्धतीने गुंडाळलेली. उष्णता लागली की ती गुंडाळी उलगडते, उलगडलेल्या दोऱ्या एकमेकींत अडकतात आणि जाळं तयार होतं. अंडं उकडल्यावर होतं तेच. खरवसाची वडी म्हणजे हे उलगडून अडकलेलं जाळं.

आता गंमत बघा. प्रतिपिंड किंवा लॅक्टोफेरिन काम करतं ते त्याच्या आकारामुळे. किल्लीसारखं. किल्ली वितळवून पुन्हा ओतली तर पितळ तेवढंच राहतं, कुलूप उघडत नाही. तसं खरवसात पोषण पूर्ण आहे, प्रोटीन म्हणून ते उत्तम आहे, पण त्याचं मूळ कसब आपण वाफेवर ठेवून संपवलंय. खरवस ज्या कारणाने घट्ट होतो, त्याच कारणाने तो औषध राहत नाही.

रोजच्या दुधाचंही थोडंफार असंच. डेअरीत पाश्चरायझेशन साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद होतं, त्यात लॅक्टोफेरिन बऱ्यापैकी टिकतं. पण पिशवीचं दूध घरी आलं की आपण ते उतू जाईपर्यंत तापवतो. तिथे बहुतेक कारभार आटोपतो. म्हणून कुणी कच्चं दूध प्यायला लागू नका! कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षयाचे जंतू येऊ शकतात. दूध तापवायची आपली सवय शहाणपणाची आहे.

मग ही चिकाची सगळी योजना कुणासाठी? वासरासाठी. माणसाच्या बाळाला आईकडून काही प्रतिपिंडं नाळेतून आधीच मिळालेली असतात. वासराला गाईच्या पोटात ती जवळजवळ मिळतच नाहीत. त्याचं आतडं जन्मल्यावर पहिला साधारण एक दिवस उघड्या दारासारखं असतं, चिकातली प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात जातात. मग दार बंद होतं. पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही तर वासरू दगावायची भीती असते. पन्नाशीतल्या बाईच्या आतड्याला असं दार नाही.

पोटाची कातरी

"मी कॅप्सूल घेतली तर? ती तर शिजवलेली नाही." हा प्रश्न बाबांचा. बरोबर आहे.

लॅक्टोफेरिन ही जवळजवळ सातशे अमिनो आम्लांची माळ आहे. मोठ्या माणसाच्या जठरात आम्ल आणि पेप्सिन, पुढे लहान आतड्यात आणखी कातऱ्या. बहुतेक माळ कापली जाते. थोडं अख्खं पुढे जातं, आतड्याच्या अस्तराशी काही काम करतही असेल, पण ते अख्खं रक्तात शिरून बोटाच्या सांध्यापर्यंत पोहोचेल ही आशा फार लांबची.

कापलेले तुकडे मात्र सगळेच वाया जात नाहीत, आणि इथे ताक येतं. दही लागतं तेव्हा जिवाणू केसीनचे बारीक तुकडे पाडतात. त्यातल्या काही तीन-तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यांवर जपानमध्ये बरंच काम झालं. मुख्यतः रक्तदाबावर, आणि उंदरांमध्ये दाहावरही. माणसांत जो परिणाम दिसला तो सौम्य होता.

ताकावरून आमच्या डोंगरातली एक गोष्ट आठवली. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी सह्याद्रीतल्या गवळी धनगरांचा अभ्यास केला होता. हे लोक डोंगरमाथ्यावर म्हशी, गाई राखायचे, खाली खोऱ्यात कुणबी भात-नाचणी पिकवायचे. डोंगरावरून दूध टिकून खाली येणं कठीण. म्हणून ते विरजायचं, घुसळायचं, लोणी कुणब्यांना देऊन धान्य घ्यायचं आणि ताक घरी प्यायचं. प्रोटीनची गरज ताकातून भागायची, म्हणून हे लोक शिकारीच्या मागे फारसे नसायचे, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलंय.

यात एक मुद्दा दडलाय. लोण्यात आणि तुपात प्रोटीन जवळजवळ नसतंच, ते सगळं ताकात उतरतं. ज्याला आपण 'नुसतं ताक' म्हणतो त्यात केसीनही आहे आणि व्हेही. आता आमच्या घरची स्थिती ऐका. आईने वर्षभरापासून ताक बंद केलं होतं. आंबट खाल्लं की सांधे धरतात, असं शेजारी म्हणतात म्हणून. फुकटचं व्हे सोडलं आणि महिना तीन हजार दोनशेचं धरलं.

चाचण्या काय म्हणतात

डब्यावरचं तिसरं वाक्य, जगभर चाचण्या झाल्या आहेत. झाल्या आहेत, अगदी खरं. निकाल मात्र डब्यावर नव्हता. मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, वेळेआधी जन्मलेली बाळं. २००९ मध्ये इटलीत ४७२ अगदी कमी वजनाच्या बाळांवर चाचणी झाली. गाईचं लॅक्टोफेरिन दिलेल्या बाळांत रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग ५.९ टक्के, न दिलेल्यांत १७.३ टक्के. केवढा फरक! सगळीकडे आशा पल्लवित झाली. मग ब्रिटनमध्ये ३७ रुग्णालयांतल्या २२०३ बाळांवर मोठी चाचणी केली गेली. २०१९ मध्ये निकाल आला. दिलेल्यांत २९ टक्के, न दिलेल्यांत ३१ टक्के. म्हणजे फरक नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १५४२ बाळांच्या चाचणीतही ठोस फायदा दिसला नाही. छोट्या चाचणीत जे झळकलं ते मोठ्या चाचणीत विझलं. विज्ञानात हे वारंवार होतं, आणि जाहिरातवाले नेहमी पहिल्या चाचणीशी थांबतात.

दुसरी, क्रोन्स नावाचा आतड्याचा दाह. मुलांमध्ये यावर एक विलक्षण उपचार आहे. सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद, फक्त विशेष पातळ आहार. २००० साली लंडनच्या डॉक्टरांनी २९ मुलांना असा आहार दिला. त्यातलं केसीन अशा पद्धतीने काढलेलं होतं की दुधातला टीजीएफ-बीटा हा दाह शमवणारा घटक शाबूत राहावा. आठ आठवड्यांत ७९ टक्के मुलं बरीच सुधारली, आतड्यातला दाहही उतरला. वाचून मला वाटलं, चला, मिळाला पुरावा. पण ज्या पातळ आहारात अख्खं प्रोटीन नसतंच, फक्त सुटी अमिनो आम्लं असतात, त्यानेही मुलं जवळजवळ तितकीच सुधारतात. मग श्रेय दुधातल्या घटकाचं, की नेहमीचं जेवण थांबवल्याचं? उपचार खरा, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजही देतात. पण 'दुधाच्या प्रोटीनमुळे' हा शब्द त्याला चिकटवता येत नाही.

तिसरी, तुमच्या-आमच्यासारखी मोठी माणसं. २०१५ मध्ये व्हे आणि सीआरपी यांवरच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. एकूणात ठोस घट दिसली नाही. दिवसाला २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त व्हे घेणाऱ्यांत, आणि ज्यांचं सीआरपी मुळात थोडं वाढलेलं होतं त्यांच्यात, थोडी घट होती. किती? लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. आता आईचा आकडा आठवा. चौतीस. चौतीसमधून एक गेला तर आईची मूठ मिटत नाही.

मात्र दुधावर उलटा आरोप होतो तोही तपासून टाकू. "दूध-दह्याने सूज वाढते." २०१७ मध्ये दुग्धपदार्थ आणि दाह यांवरच्या ५२ मानवी चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दुधामुळे दाह वाढलेला दिसला तो मुख्यतः दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांत. बाकीच्यांत, विशेषतः वजन किंवा साखरेचा त्रास असलेल्यांत, झुकाव थोडासा दाह कमी होण्याकडेच होता. थोडासा. म्हणजे ताकाला घाबरायचं कारण नाही, आणि त्याला देव मानायचंही नाही.

तुटतं कुठे

आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक तुकडा सुटा तपासतो. लॉगिन चालतं, हिरवा टिक. पेमेंट चालतं, हिरवा टिक. पण सगळं जोडून चालवलं की कोसळतं, कारण कुणी जोडच तपासलेला नसतो.

डब्याचंही तेच होतं. लॅक्टोफेरिन दाह शमवतं, हिरवा टिक, पण तो काचेच्या बशीत आणि उंदरात. चिकात ते जास्त असतं, हिरवा टिक, पण ते वासरासाठी. चाचण्या झाल्या, हिरवा टिक, पण नवजात बाळांवर, आणि निकाल विरला. चौथं वाक्य म्हणतं 'म्हणून सांधेदुखीवर उपाय'. या 'म्हणून'ची चाचणी कुठे आहे? आमवाताच्या रुग्णांनी औषध थांबवून चिकाची पावडर घेतली आणि सांधे वाचले, असं दाखवणारी एकही चाचणी मला सापडली नाही. खोटेपणा तीन वाक्यांत कुठेच नव्हता, तो एका 'म्हणून'मध्ये होता.

तुमच्याही घरी असा डबा असेल. केसांचा, गुडघ्यांचा, साखरेचा. त्यावरची वाक्यं खोडत बसू नका. त्यातला 'म्हणून' शोधा आणि विचारा: हे कुणावर तपासलं? बशीत, उंदरात, की माझ्यासारख्या माणसात? किती माणसांत? आणि फरक किती पडला?

आईच्या गोळ्या

आता शेवट. हे सगळं मी आईला ऐकवलं. खरवसाचं तिला पटलं, लगेच पटलं, कारण तिने आयुष्यभर तो केलाय. तरी ती गोळ्यांवर यायला तयार नव्हती. तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "गोळ्या सोडल्यास का?"

ती म्हणाली, "गोळी घेतली की दुसरा अख्खा दिवस मळमळ. अन्न बघवत नाही. आणि सगळे म्हणतात या गोळीने लिव्हर जातं. त्या हॉलमधल्या बाईने अर्धा तास माझं ऐकून घेतलं. तुम्ही कुणी विचारलंत?"

मी तीन आठवडे लॅक्टोफेरिन वाचत होतो. हा प्रश्न पहिल्या सकाळी विचारायला हवा होता.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावण्याऐवजी मळमळीचं नीट विचारलं. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, फॉलिक अ‍ॅसिडचं वेळापत्रक बदललं. यकृताची भीती निराधार नाही, म्हणूनच ठरावीक काळाने रक्त तपासायचं असतं, हे समजावलं. एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली आणि मीही इथे बजावतो: मेथोट्रेक्सेट आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणी घेत असेल तर कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. आमच्याकडे बुधवार आहे.

ताकाचं विचारलं तर डॉक्टर हसले. "खुशाल प्या." पन्नास किलोच्या बाईला दिवसाला साधारण चाळीस-बेचाळीस ग्रॅम प्रोटीन लागतं. दुधाच्या एका पेल्यात सहा-सात ग्रॅम मिळतं. आमच्याकडच्या भात-आमटीच्या जेवणात दूध, ताक, कुळीथ, मासे यांनी ती बेरीज जमते. सांधे धरलेल्या माणसाचे स्नायू टिकायला हवेत, त्यासाठी हे हवंच. औषध म्हणून नव्हे, जेवण म्हणून.

दिवाळीनंतर सीआरपी ११ आलं. अजून उतरायचंय. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण वळत नाही. ते त्या दोन महिन्यांमुळे की आधीपासूनच, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. भाकरी आता आई थापते, पण दोनच, बाकीच्या बाबा थापतात. जाड होतात, चालतं.

आणि तो डबा? बाबांनी संपवला. रोज सकाळी दुधात घालून. "पैसे मोजलेत," म्हणाले. त्यांना काहीही झालं नाही, ना चांगलं ना वाईट.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरच्या डब्यावर कुठला 'म्हणून' आहे ते मला नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात तो घेऊ. आणि घरी कुणी औषध बंद केलं असेल तर आधी 'का' विचारा, पुरावे नंतर दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!